चिप-दुकानांतील खाद्यनामे, ब्रिटिश

ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांतील तळलेले मासे आणि बटाट्याच्या चिप्स विकणाऱ्या दुकानांत मिळणाऱ्या पदार्थांना प्रदेशपरत्वे रूढ असलेली निरनिराळी नावे. चिप्स म्हणजे बटाट्याचे बोटाएवढे जाड व लांबट तुकडे तेलात किंवा चरबीत तळून केलेला, आतून मऊ राहणारा पदार्थ होय. भारतात ज्यांना सामान्यतः वेफर म्हणतात, त्या पातळ व कुरकुरीत चकत्यांना ब्रिटनमध्ये ‘क्रिस्प्स’ अशी वेगळी संज्ञा आहे. या दुकानांतील मूळ जिन्नस मोजकेच असतात : मासा, बटाटा, मैद्याचे सरबरीत पीठ, वाटाणे, पाव आणि थोडे मांसाचे पदार्थ. ते सर्व देशभर थोड्याफार फरकाने सारखेच आहेत; त्यांची नावे मात्र दर चाळीस-पन्नास किलोमीटरांवर बदलतात. एका पदार्थाला अनेक नावे आहेत, त्याचप्रमाणे एकच नाव दोन गावांत दोन अगदी भिन्न पदार्थांना लावले जाते. त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक काय मागते, यावरून ते कोणत्या भागातील आहे याचा अंदाज बांधता येतो. इंग्रजीच्या बोलींतील शेती व ग्रामजीवन यांच्याशी निगडित असलेले हजारो शब्द विसाव्या शतकात लोप पावले असताना ही नावे टिकून राहिली, म्हणून भाषाभ्यासाच्या दृष्टीने त्यांना विशेष महत्त्व आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : तळलेला मासा आणि चिप्स यांची जोडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुळली, तत्पूर्वी हे दोन स्वतंत्र पदार्थ होते. पिठात बुडवून तळलेला मासा इंग्लंडमध्ये आणण्याचे श्रेय सामान्यतः पोर्तुगाल व स्पेन या देशांतून आलेल्या सेफार्डी ज्यू लोकांना देतात. चार्ल्‌स डिकिन्झच्या ऑलिव्हर ट्विस्ट (१८३७–३९) या कादंबरीत लंडनमधील तळलेल्या माशाच्या वखारीचा, तर अ टेल ऑफ टू सिटीज (१८५९) या कादंबरीत बटाट्याच्या तळलेल्या चिप्सचा उल्लेख येतो. दोन्ही पदार्थ एकत्र विकणारे पहिले दुकान कोणते, याविषयी दोन दावे आहेत : एक, १८६० च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये निघालेल्या जोसेफ मेलिन याच्या दुकानाचा, आणि दुसरा, १८६३ च्या सुमारास लँकाशरमधील मॉस्ली येथे जॉन लीस याने सुरू केलेल्या दुकानाचा. हा वाद सुटलेला नाही. या व्यवसायाचा प्रारंभ एकाच केंद्रात झाला नाही, ही गोष्ट मात्र त्यातून स्पष्ट होते आणि नावांच्या विविधतेचे एक मूळ तेथेच सापडते.

वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर बोटी, बर्फात मासे साठविण्याची सोय आणि लोहमार्गांचे जाळे यांमुळे १८८० नंतर उत्तर समुद्रातील व पुढे आइसलँडजवळील मासा स्वस्तात आतल्या शहरांत पोहोचू लागला. लँकाशर व यॉर्कशर येथील कापड-गिरण्यांच्या गावांत स्त्रियाही दिवसभर कामावर असत. त्यामुळे तयार, गरम व स्वस्त अन्नाला मोठी मागणी होती. १९१० च्या सुमारास देशात अशी सु. २५,००० दुकाने होती आणि दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात त्यांची संख्या सु. ३५,००० पर्यंत गेली. व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९१३ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक अन्नपदार्थांवर नियंत्रण असताना मासे व चिप्स यांना मात्र शिधावाटपातून वगळण्यात आले होते. ही दुकाने प्रायः एकेका कुटुंबाच्या मालकीची असत. पदार्थांची यादी वरून ठरवून देणारी कोणतीही मध्यवर्ती यंत्रणा नव्हती. दुकानदार शेजारच्या बेकरीतील पाव व खाटकाकडील पदार्थ घेई आणि त्यांना गावात आधीपासून रूढ असलेल्या नावांनीच विकी.

दुकानाची नावे व मागणीची भाषा : दुकानाला वायव्य इंग्लंड, मिडलंड्‌स व वेल्स या भागांत ‘चिपी’ म्हणतात. आयर्लंड व ईशान्य स्कॉटलंड, विशेषतः ॲबर्डीन परिसर, येथे ‘चिपर’ हा शब्द आहे. यॉर्कशरमध्ये दुकानाच्या पाटीवर ‘फिशरीज’ हा भारदस्त शब्द आढळतो, तर दक्षिणेत ‘फिश बार’ व ‘चिप शॉप’ ही नावे अधिक दिसतात. लँकाशरकडे संध्याकाळचे जेवण दुकानातून आणले, तर त्यास ‘चिपी टी’ म्हणतात. येथे ‘टी’ या शब्दाचा अर्थ चहा नसून उत्तरेकडील रूढीप्रमाणे सायंकाळचे जेवण असा आहे.

मागणी करण्याची पद्धतही निरनिराळी आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथे ‘सपर’ या शब्दाचा रात्रीच्या जेवणाशी संबंध राहिलेला नाही. कोणत्याही पदार्थासोबत चिप्स हव्या असल्या, की त्या पदार्थाच्या नावापुढे ‘सपर’ जोडतात. ‘फिश सपर’ म्हणजे मासा व चिप्स, ‘हॅगिस सपर’ म्हणजे हॅगिस व चिप्स. चिप्स नको असतील, तर ‘सिंगल’ असे सांगावे लागते. उत्तर आयर्लंडमध्ये सॉसेज, टोमॅटोच्या रसातील घेवड्याचे दाणे व चिप्स या जेवणास ‘काउबॉय सपर’ असे नाव आहे. यॉर्कशरमध्ये मासा व चिप्स यांच्या जोडीस ‘वन ऑफ ईच’, म्हणजे ‘दोन्हींतले एकेक’, म्हणण्याचा प्रघात आहे. अनेक ठिकाणी संख्या शेवटी सांगतात : ‘फिश अँड चिप्स ट्‌वाइस’ म्हणजे दोन जणांपुरते. अर्ध्या पेनीच्या चिप्सना रूढ असलेला ‘हेपर्थ’ हा शब्द मात्र नाणेपद्धतीबरोबर मागे पडला. शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकात, डब्लिन येथे, ‘वन अँड वन’ हा प्रयोग प्रचलित होता. दुकान चालविणाऱ्या एका इटालियन कुटुंबातील स्त्री गिऱ्हाइकांना मोडक्या इंग्रजीत ‘यातले एक, त्यातले एक?’ असे विचारी, त्यावरून तो पडला, अशी आख्यायिका आहे.

मासे : दुकानात नुसते ‘फिश’ मागितले असता कोणता मासा मिळेल, हे प्रदेशावर अवलंबून असते. यॉर्कशर व स्कॉटलंड येथे ‘फिश’ म्हणजे हॅडक. लँकाशर, मिडलंड्‌स व लंडन येथे प्रायः कॉड. दोन्ही मासे एकाच कुळातील असले, तरी यॉर्कशरमधील ग्राहक कॉडला कनिष्ठ मानतो आणि लँकाशरमधील ग्राहकाचे मत याच्या उलट असते. तळण्याचे माध्यमही भिन्न असते. यॉर्कशर व उत्तरेतील काही भागांत गाईबैलांची वितळवलेली चरबी अद्याप वापरतात, तर दक्षिणेत बहुधा वनस्पती-तेल असते. त्यामुळे नुसत्या चिप्सही सर्वत्र शाकाहारी असतातच असे नाही आणि त्या कशात तळल्या आहेत याची चौकशी शाकाहारी व्यक्तींना, त्यांत भारतीयही आले, करावी लागते.

ब्रिटन व आइसलँड यांच्यात मासेमारीच्या हद्दीवरून १९५८ ते १९७६ या काळात तीन वेळा संघर्ष झाला. ‘कॉड-युद्धे’ या नावाने तो ओळखला जातो. आइसलँडची २०० सागरी मैलांची हद्द मान्य झाल्यानंतर हल व ग्रिम्झ्बी या बंदरांतील दूरवरच्या मासेमारीचा ऱ्हास झाला. दुकानांतील कॉड व हॅडक हे त्यानंतर मोठ्या प्रमाणावर आयात होऊ लागले. परंतु कोणत्या गावात ‘फिश’चा अर्थ काय, हे मात्र बदलले नाही.

नाव व वस्तू यांतील अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण ‘रॉक सॅमन’ हे होय. लंडन परिसरात त्यास थोडक्यात ‘रॉक’ आणि आग्नेय इंग्लंडातील केंट व ससेक्स या परगण्यांत ‘हस’ असे म्हणतात. हा सॅमन मासा नव्हे. कोकणात मुशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान शार्कांशी नाते असलेले हे ‘डॉगफिश’ मासे आहेत. ‘कुत्रा-मासा’ असे नाव ऐकून ग्राहक बिचकेल, म्हणून व्यापाऱ्यांनी हे आकर्षक नाव प्रचारात आणले आणि कालांतराने ते विक्रीचे मान्य नाव ठरले. यांपैकी काटेरी डॉगफिश ही जाती अतिशय सावकाश वाढते. मादीचा गर्भकाल दोन वर्षांच्या आसपास असतो. बेसुमार पकडीमुळे ईशान्य अटलांटिकमधील तिचा साठा खालावला व २०१० नंतर अनेक वर्षे यूरोपीय पाण्यात तिच्या पकडीस मज्जाव होता. साठा काहीसा सावरल्यावर २०२३ मध्ये मर्यादित पकडीस पुन्हा परवानगी मिळाली. एक्सिटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनए-तपासणीत दक्षिण इंग्लंडमधील दुकानांतून अशा मोघम नावांनी विकले जाणारे बहुतेक नमुने याच जातीचे असल्याचे आढळून आले. प्रादेशिक नाव जिव्हाळ्याचे असले, तरी ते केव्हा केव्हा ग्राहकापासून महत्त्वाची माहिती दडविते, हे यावरून दिसून येते.

बटाट्याचे व पिठात तळलेले पदार्थ : नामसंभ्रम या गटात सर्वाधिक आहे. बटाट्याची जाड चकती पिठात बुडवून तळतात. हा पदार्थ आपल्याकडील बटाट्याच्या भज्यासारखाच असून फरक एवढाच, की त्यात बेसनाऐवजी मैदा असतो. मिडलंड्‌स, यॉर्कशर व लँकाशरचा काही भाग येथे त्यास ‘स्कॉलप’ म्हणतात. हाच शब्द प्रमाण इंग्रजीत एका शिंपाधारी समुद्री प्राण्याचा वाचक असल्यामुळे बाहेरून आलेल्या ग्राहकाची फसगत होते. विगन परिसरात या चकतीला ‘स्मॅक’ असे नाव आहे, तर स्कॉटलंड व दक्षिण इंग्लंड येथे ती ‘पोटॅटो फ्रिटर’ ठरते. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडील ‘ब्लॅक कंट्री’ या जुन्या औद्योगिक भागात चिप्सच रंगीत पिठात बुडवून तळतात व त्यांना ‘ऑरेंज चिप्स’ म्हणतात. तो रंग हळद, पॅप्रिका मिरची किंवा खाद्यरंग यांचा असतो.

‘फिशकेक’ या शब्दाने देशाच्या बहुतेक भागांत उकडलेला बटाटा व मासा एकत्र कुस्करून, वर पावाचा चुरा लावून तळलेली टिक्की अभिप्रेत असते. यॉर्कशरमध्ये मात्र बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये माशाचा तुकडा ठेवून, तो सगळा ऐवज पिठात बुडवून तळतात, तोच खरा ‘फिशकेक’ होय. मग कुस्करलेल्या टिक्कीला वेगळे नाव देणे भाग पडते, म्हणून शेफील्डकडे तिला ‘रिसोल’ म्हणतात. परंतु वेल्समध्ये ‘रिसोल’ म्हटले की त्यात मासा नसतो. तेथे तो डबाबंद गोमांस किंवा खिमा, बटाटा व सुगंधी पाला यांचा, पावाच्या चुऱ्यात घोळलेला गोळा असतो. अशा रीतीने एका शब्दाचा अर्थ सरकला, की शेजारच्या शब्दालाही जागा बदलावी लागते. शब्दार्थांच्या परस्परावलंबनाचे हे सुबोध उदाहरण आहे.

‘पॅटी’ आणि ‘पेस्टी’ ह्यांसंबंधीही असेच म्हणता येईल. हल शहरातील ‘पॅटी’ ही सेज नावाचा सुगंधी पाला घातलेल्या कुस्करलेल्या बटाट्याची असते व ती पिठात बुडवून तळतात. कॉर्नवॉलची ‘पॅस्टी’ म्हणजे गोमांस, बटाटा, कांदा व स्वीड नावाचा कंद यांचे सारण भरून, कडा मुरडून भट्टीत भाजलेली मोठी करंजी. यूरोपीय संघाने २०११ मध्ये तिला भौगोलिक नावाचे संरक्षण दिले. बेल्फास्टच्या दुकानातील ‘पेस्टी’चा तिच्याशी केवळ नावापुरता संबंध आहे : ती डुकराच्या मांसाचा खिमा, कांदा व बटाटा यांची चपटी वडी असून तिला कणकेचे आवरण नसते, ती पिठात बुडवून तळतात. तिच्यासोबत चिप्स घेतल्या तर ‘पेस्टी सपर’ आणि ती पावात घातली तर ‘पेस्टी बॅप’ होतो.

इतर पदार्थांत लँकाशरमधील वाफवलेले मांसाचे पुडिंग उल्लेखनीय आहे. जनावराची चरबी घालून केलेल्या पिठाच्या पांढऱ्या, गुळगुळीत व घुमटाकार आवरणामुळे विगनकडे त्यास ‘बॅबीज येड’, म्हणजे ‘बाळाचे डोके’, असे विनोदी नाव पडले आहे. ओल्डम येथे खिम्याचे सारण फडक्यात बांधून शिजविलेल्या पुडिंगला ‘रॅग पुडिंग’ म्हणतात. आग्नेय इंग्लंड व ईशान्य इंग्लंड यांत ‘सॅव्हलॉय’ ही गडद लाल रंगाची सॉसेज लोकप्रिय आहे. हे नाव फ्रेंचमार्गे ‘मेंदू’ या अर्थाच्या इटालियन शब्दापर्यंत नेता येते. स्कॉटलंडमध्ये ओटचे ‘व्हाइट पुडिंग’, पूर्व भागातील ‘रेड पुडिंग’ आणि पिठात बुडवून तळलेला पिझ्झा म्हणजे ‘पिझ्झा क्रंच’ हे पदार्थ मिळतात. पिठात तळलेला मार्स चॉकलेटचा बार १९९० नंतरच्या दशकात स्टोनहेवन येथून प्रसिद्धीस आला. मिडल्झ्‌ब्रो येथील ‘पार्मो’ हा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या मांसाच्या चपट्या तुकड्यावर पांढरा सॉस व चीज पसरून केलेला पदार्थ त्या परिसराची खूण मानला जातो.

पिठाचा चुरा : मासा तळताना पिठाचे जे थेंब सुटून कढईत कुरकुरीत होतात, ते झाऱ्याने काढून गिऱ्हाइकाला चिप्सवर घालून देतात. मुंबईतील वड्याच्या गाडीवर मिळणाऱ्या चुऱ्यासारखाच हा प्रकार असून तोही पूर्वी फुकट मिळे. आता काही दुकानांत त्याचे थोडे पैसे पडतात. यॉर्कशर व ईशान्य इंग्लंड येथे त्यास ‘स्क्रॅप्स’, उत्तरेत अन्यत्र ‘बिट्‌स’ किंवा ‘बॅटर बिट्‌स’, मिडलंड्‌समध्ये ‘स्क्रॅचिंग्ज’, दक्षिण वेल्समध्ये ‘स्क्रंप्स’ आणि नैर्ऋत्य इंग्लंडात ‘ग्रिबल्स’ म्हणतात. ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही, जिची जाहिरात होत नाही व जी छापील यादीत नसते, तिला प्रमाण नाव मिळण्याचे कारणच उद्‌भवत नाही. म्हणून येथे बोलींना मोकळे रान मिळाले.

पाव : चिप्स लोणी लावलेल्या पावात घालून खातात. ‘बटर’ या शब्दापासून झालेले ‘चिप बटी’ हे त्याचे उत्तरेकडील नाव आता देशभर समजते. परंतु एकाच्या खाण्यापुरत्या लहान गोल पावाला काय म्हणावे, याविषयी एकवाक्यता नाही आणि इंग्लंडच्या बोली-नकाशावर हा प्रश्न सर्वांत वादग्रस्त समजला जातो. मँचेस्टर व विगन येथे तो ‘बार्म’ किंवा ‘बार्म केक’ असतो. ‘बार्म’ म्हणजे आंबणाऱ्या बिअरवरील फेस. प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला हा शब्द पाव फुगविण्यासाठी तो फेस वापरीत, त्या काळाची आठवण देतो. ओल्डम व रॉचडेल येथे याच पावाला ‘मफिन’ म्हणतात. पश्चिम यॉर्कशरमध्ये तो ‘टीकेक’ होतो, तर इतरत्र ‘टीकेक’ म्हणजे मनुका घातलेला गोड पाव. म्हणून तेथे मनुकायुक्त पावाला मुद्दाम ‘करंट टीकेक’ असे संबोधावे लागते. दक्षिण व पूर्व यॉर्कशरमध्ये ‘ब्रेडकेक’, नॉटिंगॅम, डर्बी व लेस्टर येथे ‘कॉब’, तर कॉव्हेंट्रीभोवती ‘बॅच’ हे शब्द आहेत. ‘बॅच’ हा मूळचा एका घाण्यात एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांचा वाचक होय. टाइन नदीच्या परिसरात ‘स्टॉटी’ हा चपटा, मोठा व चिवट पाव असतो. तेथील बोलीत ‘स्टॉट’ या क्रियापदाचा अर्थ ‘उसळी घेणे’ असा आहे. स्कॉटलंड व दक्षिण इंग्लंड येथे ‘रोल’, तर उत्तर आयर्लंडमध्ये व इतरत्र अधूनमधून ‘बॅप’ हे नाव आढळते.

या विविधतेमुळे एकाच खाद्याची ‘चिप बार्म’, ‘चिप टीकेक’, ‘चिप कॉब’, ‘चिप बॅच’, ‘चिप रोल’ अशी नावे होतात. विगनमध्ये मांसाची भाजलेली पायही बार्ममध्ये घालून खातात. तिला थट्टेने ‘विगन कबाब’ म्हणतात.

वाटाणे, रस्से व चवी : पक्व होऊन वाळलेले मोठे ‘मॅरोफॅट’ वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवून शिजविले, की त्यांचा जो दाट लगदा होतो, तो ‘मशी पीज’. हे नाव सर्वत्र एकच असले, तरी वापर भिन्न आहे. नॉटिंगॅमकडे त्यावर पुदिन्याचा सॉस घालतात. दक्षिणेत लगद्याचा गोळा पिठात तळून ‘पी फ्रिटर’ करतात. विगनमध्ये वाटाणे न घेता वरचे पाणीच चिप्सवर ओतून मागतात व त्यास ‘पे वेट’ म्हणतात. ‘पे’ हे ‘पी’ या शब्दाचे तेथील उच्चारणानुसार झालेले रूप आहे.

मांसरसाचे ‘ग्रेव्ही’ हे उत्तरेचे वैशिष्ट्य असून दक्षिणेतील अनेक दुकानांत ते ठेवीत नाहीत. ‘करी सॉस’ हा सौम्य, पिवळसर व किंचित गोड रस्सा दुसऱ्या महायुद्धानंतर हाँगकाँगहून आलेल्या चिनी दुकानदारांमुळे विशेष पसरला. ‘करी’ हा शब्द दक्षिण भारतीय भाषांतून यूरोपीयांनी उचलला. त्या नावाचा रस्सा ब्रिटिश चवीप्रमाणे बदलून चिनी दुकानदाराच्या हातून चिप्सवर पडतो, हे या खाद्यसंस्कृतीच्या मिश्र घडणीचे द्योतक होय. वेल्समध्ये त्यासोबत अर्धा भात व अर्ध्या चिप्स घेतात व त्यास ‘हाफ अँड हाफ’ म्हणतात. ‘पोटॅटो’ हा शब्दही असाच दूरवरचा आहे : तो आणि मराठीतील ‘बटाटा’ हे दोन्ही कॅरिबियन भाषेतील एकाच मूळ शब्दावरून, अनुक्रमे स्पॅनिश व पोर्तुगीज या भाषांच्या द्वारे, आले आहेत.

चवीसाठी ‘सॉल्ट अँड व्हिनेगर’ हा देशभरचा शिरस्ता आहे. बऱ्याच दुकानांतील बाटलीत खरा शिरका नसून ॲसिटिक अम्ल, पाणी व जळक्या साखरेचा रंग यांचे मिश्रण असते. आंबवून केलेले नसल्यामुळे त्यास व्हिनेगर म्हणता येत नाही. त्याची ‘नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट’ या नावाने विक्री होते. एडिंबरो येथे मात्र ‘सॉल्ट अँड सॉस’ मागतात. हा सॉस म्हणजे पाणी किंवा व्हिनेगर घालून पातळ केलेला तपकिरी सॉस होय. ग्लासगोच्या रहिवाशाला तो मान्य नसतो आणि या दोन शहरांच्या जुन्या स्पर्धेत हाही एक मुद्दा असतो. हलमध्ये पॅप्रिका व मीठ यांचे ‘चिप स्पाइस’ १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झाले. लंडनमध्ये खारवलेल्या काकडीला ‘वॉली’ म्हणतात.

विविधतेची कारणे व अभ्यास : इंग्रजी बोलींचा सर्वांत मोठा पद्धतशीर संग्रह लीड्‌स विद्यापीठातील हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑइगेन डीट यांच्या योजनेनुसार १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी झाला. तथापि त्याचा भर खेड्यांतील वृद्ध रहिवासी आणि शेतीचा शब्दसंग्रह यांवर होता. चिप-दुकान ही औद्योगिक शहरांची निर्मिती असल्याने तेथील शब्द या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. पुढे मँचेस्टर विद्यापीठात लहान पावाच्या नावांचे तपशीलवार नकाशे करण्यात आले. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने अन्य संस्थांच्या सहकार्याने भ्रमणध्वनीद्वारे माहिती गोळा केली. त्यांत लाकडाच्या कुसळाला पूर्वी असलेली अनेक बोलीनामे जाऊन जवळजवळ सर्वत्र ‘स्प्लिंटर’ हाच शब्द उरल्याचे दिसले. ईशान्येतील ‘स्पेल्क’ हा अपवाद होय. या पार्श्वभूमीवर लहान पावाच्या नावांतील विविधता ठळकपणे नजरेत भरते.

या टिकाऊपणाची काही कारणे सांगता येतात. पहिले म्हणजे हे शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत आणि ते समोरासमोर, तोंडी वापरावे लागतात. शब्द चुकला तर पदार्थही चुकतो. दुसरे, माणूस ते लहानपणी, शाळेत शिकण्यापूर्वी, हातात पैसे घेऊन दुकानात उभा राहून शिकतो. तिसरे, हे गरिबांचे अन्न मानले गेल्याने पाककृतींची पुस्तके व उपाहारगृहे यांनी त्यांना प्रमाण नावे देण्याचा खटाटोप केला नाही. चौथे, परदेशांतून आलेल्या दुकानदारांनी स्वतःची नावे लादली नाहीत. स्कॉटलंडमधील इटालियन, लंडन व बर्मिंगहॅम येथील ग्रीक सायप्रसवासी, वायव्येकडील चिनी आणि अनेक शहरांतील दक्षिण आशियाई व्यावसायिक, या सर्वांनी गिऱ्हाइकाचेच शब्द आत्मसात केले व ते जतन केले. स्थानिक बोलीचे रक्षक बाहेरून आलेले लोक ठरावेत, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात लक्षणीय आहे. पाचवे कारण मानसिक आहे : या नावांवरून वाद घालण्यात लोकांना आनंद वाटतो आणि आपल्या गावाचे वेगळेपण त्यांतून मिरविता येते.

ब्रिटिश स्थलांतरितांबरोबर ही प्रवृत्ती परदेशीही गेली. पिठात तळलेल्या बटाट्याच्या चकतीला ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये ‘पोटॅटो स्कॉलप’, व्हिक्टोरियामध्ये ‘पोटॅटो केक’ आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात ‘पोटॅटो फ्रिटर’ म्हणतात.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात ब्रिटनमधील या दुकानांची संख्या दहा हजारांच्या आसपास आली. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे सूर्यफुलाचे तेल व इंधन महागले; पांढऱ्या माशाचे भावही वाढले आणि अनेक लहान दुकाने बंद पडली. घरपोच सेवेसाठी भ्रमणध्वनीवर दाखविण्यात येणाऱ्या याद्यांत बाहेरच्या ग्राहकालाही समजतील अशी सर्वसामान्य नावे देण्याकडे कल असतो. मोठ्या विक्रीसाखळ्यांच्या वेष्टनांवरही लहान पाव बहुधा ‘रोल’ म्हणूनच छापलेला असतो. तोंडी मागणीची जागा छापील वा दृश्य यादीने घेतली, की नावाची गरज कमी होते. बोट दाखविले तरी काम भागते. उलटपक्षी काही दुकाने हीच जुनी नावे पाटीवर अभिमानाने लिहू लागली आहेत. मात्र जिभेवरचा शब्द आणि शोभेसाठी जपलेला शब्द यांत फरक असतो. या नावांचे भवितव्य शब्दकोशांपेक्षा गल्लीच्या कोपऱ्यावरील दुकानाच्या अस्तित्वावर अधिक अवलंबून आहे. कोशकाराच्या दृष्टीने ‘स्कॉलप’, ‘फिशकेक’, ‘रिसोल’ किंवा ‘टीकेक’ या शब्दांचा अर्थ स्थळाचा निर्देश केल्याशिवाय देता येत नाही, हाच या विषयाच्या अभ्यासातून मिळणारा मुख्य निष्कर्ष होय.